नऊ व्होल्टच्या पलीकडे: पालघर-बोईसरच्या वरातींतली पेडलं आणि वाढीव व्होल्टेजचा प्रश्न

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी. पालघरच्या या किनारपट्टीवर हळद, वरात किंवा विसर्जन बेंजोशिवाय पार पडत नाही. टेम्पोवर स्पीकर चढवलेले, पुढे ढोल-ताशा किंवा ऑक्टोपॅड, एका कडेला कीबोर्ड आणि मधोमध मांडीवर बेंजो घेतलेला वादक, असा हा संच. बेंजोचा आवाज थेट मिक्सरला न देता गिटारसाठी बनवलेल्या पेडलमधून किंवा प्रोसेसरमधून काढायची रीत आता अनेक पार्ट्यांत रुळली आहे. ही पेडलं बनलेली असतात ९ व्होल्टसाठी, आणि टेम्पोवर जे सहज मिळतं ते असतं १२ व्होल्ट. त्यामुळे एरवी गिटारच्या शौकिनांपुरता राहिला असता असा प्रश्न इथे रोजच्या धंद्याचा झाला आहे: पेडल बारावर चालेल का? आणि मुद्दाम अठरावर चालवलं, तर आवाज अजून मोकळा होईल का?

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं एकच उत्तर देणारे खूप भेटतात. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पेडलच्या डब्यात काय आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि डबे बाहेरून सारखे दिसले तरी आतून फार वेगळे असतात. म्हणून एकेका जातीच्या सर्किटची स्वतंत्र छाननी करणं भाग आहे.

आधी बेंजोविषयी थोडं, कारण गिटारसाठी लिहिलेले सल्ले त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जपानमध्ये नागोया इथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तैशोगोतो हे टंकलेखन यंत्रासारख्या कळांचं तंतुवाद्य तयार केलं. तेच भारतात बुलबुल तरंग म्हणून रुळलं आणि आपल्याकडे बेंजो झालं. पोलादी तारांखाली पिकअप बसवला की ते इलेक्ट्रिक होतं. वादक पट्टीने तारा जोरात छेडतो, कारण ढोलाच्या गजरात त्याला ऐकू यायचं असतं. त्यामुळे सुराच्या पहिल्या क्षणी सिग्नलचं मोठं टोक येतं आणि लगेच खाली बसतं. सौम्य हाताच्या गिटारवर जे पेडल स्वच्छ वाजतं तेच बेंजोच्या पहिल्या ठोक्याला फाटतं, याचं कारण हे टोक.

९ व्होल्ट हा आकडा कुठल्या नियमाने ठरलेला नाही. १९६२ साली बाजारात आलेला मायस्ट्रोचा फझ-टोन दीड व्होल्टच्या दोन सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर चालत असे. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या गाण्यातून तो जगभर ऐकू गेला. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी त्या सर्किटवरून टोन बेंडर बनवला. एका वादकाला सूर जास्त लांबवायचा होता. हर्स्ट यांनी जे बदल केले त्यांतला एक मुख्य बदल म्हणजे पुरवठा ३ वरून ९ व्होल्टवर नेणं. म्हणजे व्होल्टेज वाढवून सर्किट सुधारायचा उद्योग पेडलच्या जन्माइतकाच जुना आहे, आणि हर्स्ट यांनी सेल वाढवण्याबरोबर सर्किटही बदललं होतं, हे विसरायला नको. ट्रान्झिस्टर रेडिओमुळे ९ व्होल्टचा चौकोनी सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागला होता. पेडल बनवणाऱ्यांनी तो उचलला, आणि पुढे बॉसने १९७७ पासून छोटी पेडलं काढली तेव्हा तोच आकडा पक्का झाला.

बॉसच्याच जुन्या पेडलांबाबत एक गोंधळ आहे. काहींवर एसीए नावाच्या अडॅप्टरची शिफारस छापलेली असते. तो अडॅप्टर १२ व्होल्टचा आणि नियंत्रण नसलेला. त्या पेडलांत वाटेवर एक रेझिस्टर आणि एक डायोड बसवलेला असतो. तो जास्तीचे व्होल्ट खातो आणि सर्किटपर्यंत साधारण ९ पोचतात. अशा पेडलला नियंत्रित ९ दिले तर दिवा मंद लागतो. हे पाहून 'बॉसची पेडलं बारावर चालतात' असा समज पसरतो. तो त्या जुन्या पिढीपुरता खरा आहे, आणि नव्या पेडलवर केलेला हाच प्रयोग महाग पडतो.

आता व्होल्टेज वाढवून मिळतं काय, ते पाहू. ऑप-अँप आयसीला ९ व्होल्ट दिले की सिग्नल साडेचार व्होल्टच्या मध्यरेषेभोवती वर-खाली फिरतो. टीएल०७२ किंवा ४५५८ सारखा आयसी दोन्ही टोकांना साधारण दीड-दीड व्होल्ट राखून ठेवतो, म्हणजे फिरायला ६ व्होल्ट उरतात. १८ व्होल्ट दिले तरी राखीव भाग तेवढाच राहतो, त्यामुळे मोकळी जागा १५ व्होल्ट होते. ही अडीच पट वाढ डेसिबलमध्ये साधारण ८ भरते. बेंजोच्या त्या पहिल्या टोकाला सामावून घ्यायला हे ८ डेसिबल पुष्कळ आहेत. प्रीअँप, बूस्टर आणि इक्वलायझर या तीन प्रकारांत फरक कानाला स्पष्ट कळतो: ठोका फाटत नाही, तार सुटी ऐकू येते.

पण आवाज वाढत नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण आपल्याकडे व्होल्टेज म्हणजे ताकद असा समज आहे. पेडलची वाढ किती ते रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरतं, पुरवठ्यावर नाही. अठरावर नेलेलं पेडल तितकंच मोठं वाजतं. फक्त ते फाटायला उशीर लागतो. आणि हा उशीर पुढच्या टप्प्याला झेपला पाहिजे. मिक्सरच्या माइक-इनपुटमध्ये पेडल जोडलेलं असेल, गेनचं बटण अर्ध्यावर असेल, तर पेडलमध्ये मिळवलेली सगळी मोकळी जागा मिक्सरच्या दारात गमावली जाते. आधी लाइन-इनपुट वापरा, गेन खाली आणा, मग ऐका. कित्येकांचा प्रश्न तिथेच, डागणीला हात न लावता सुटेल.

ही झाली स्वच्छ वाजणाऱ्या ऑप-अँप पेडलांची पहिली जात. दुसरी जात डायोडवाल्या पेडलांची. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर, एमएक्सआरचा डिस्टॉर्शन प्लस, रॅट आणि त्यांच्या असंख्य स्वस्त नकला या जातीतल्या. यांत आवाज मुद्दाम फाडला जातो आणि ते काम डायोडांची जोडी करते, बहुधा सिलिकॉनच्या, मूळ डिस्टॉर्शन प्लसमध्ये जर्मेनियमच्या. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला उघडतो. पुरवठा ९ असो की १८, तो ०.६ लाच उघडणार. ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड ऑप-अँपच्या परतीच्या वाटेवरच असतात, त्यामुळे आयसी आपल्या टोकापर्यंत क्वचितच पोचतो. तिथे अठरा व्होल्ट देऊन मिळणारा फरक इतका थोडा असतो, की झाकलेल्या डोळ्यांनी ओळखणारा विरळा. डिस्टॉर्शन प्लसमध्ये डायोड आयसीच्या नंतर जमिनीला जोडलेले असतात आणि पूर्ण गेनवर आयसी स्वतःही फाटतो. तिथे थोडा फरक जाणवतो, एवढंच. या जातीसाठी माझं मत स्पष्ट आहे: जोखीम पत्करण्याइतकं यात काही नाही. आवाज खुलवायचा असेल तर डायोड बदलून पाहा. दोनऐवजी तीन किंवा सिलिकॉनऐवजी लाल एलईडी लावला तर उघडण्याचा बिंदू वर सरकतो. मग मात्र आयसीला जागा जास्त लागते आणि वाढीव व्होल्टेजला अर्थ येतो.

खरी मेहनत आणि खरी गंमत आहे ट्रान्झिस्टरवाल्या सर्किटांत. ऑप-अँपला मध्यरेषा दोन समान रेझिस्टरांनी मिळते, त्यामुळे पुरवठा दुप्पट झाला की मध्यही आपोआप दुप्पट होतो. ट्रान्झिस्टरचं तसं नाही. त्याचा बेस-एमिटरमधला ०.६ व्होल्ट पुरवठ्याबरोबर वाढत नाही, आणि म्हणून सगळा हिशेब कलंडतो.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-१ घ्या. माइक मॅथ्यूज यांच्या कंपनीचं हे सुरुवातीचं उत्पादन, एकाच ट्रान्झिस्टरचा बूस्टर. आपल्याकडे हौशी लोक पहिल्यांदा बनवतात ते बहुधा हेच सर्किट, बीसी ५४७ किंवा ५४८ घालून. प्रचलित आराखड्यात बेसला वरून ४३० किलो-ओहम, खालून ४३ किलो-ओहम, कलेक्टरला १० किलो-ओहम आणि एमिटरला ३९० ओहम असतात. ९ व्होल्टवर बेसला साधारण ०.८ व्होल्ट मिळतात. त्यातून ०.६ वजा गेले आणि बेसच्या प्रवाहाने थोडे खाल्ले की एमिटरवर फार तर ०.१६ ते ०.२ व्होल्ट उरतात. त्यातून वाहणारा प्रवाह ०.४ ते ०.५ मिलिअँपियर. तो कलेक्टरच्या १० किलो-ओहममधून जाताना ४ ते ५ व्होल्ट पाडतो, म्हणजे कलेक्टर मध्याच्या आसपास उभा राहतो. उत्तम.

आता तिथेच १८ द्या. बेसला १.६ व्होल्ट मिळतात. ०.६ तेवढेच वजा जातात, आणि एमिटरला उरणारं व्होल्टेज दुप्पट न होता चार-पाच पट होतं. प्रवाह २ मिलिअँपियरच्या घरात जाऊ पाहतो. १० किलो-ओहममधून २ मिलिअँपियर म्हणजे २० व्होल्टची घट, आणि पुरवठाच आहे १८. कलेक्टर तळाला चिकटतो. बूस्टर स्वच्छ होण्याऐवजी किरकिरतो, अर्धी लाट कापली जाते. 'अठरावर टाकलं आणि पेडल बिघडलं' अशी तक्रार येते तेव्हा बहुधा काहीच जळालेलं नसतं, फक्त बायस, म्हणजे कलेक्टरची मध्यावरची बैठक, सरकलेला असतो. उपायही स्वस्त आहे: खालचा ४३ किलो-ओहमचा रेझिस्टर काढून २७ लावा. कलेक्टर पुन्हा ८ ते ९ व्होल्टवर, म्हणजे मध्यावर येतो. मग तोच बूस्टर बेंजोचा ठोका न फाटता पुढे देतो. बीसी ५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टची आणि ५४८ ची ३० ची, त्यामुळे ट्रान्झिस्टरला धोका नाही.

फझ फेसमध्ये नेमकं उलट घडतं. तिथे दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसशी परतीच्या वाटेने बांधलेला असतो. त्यामुळे पुरवठा वाढला तरी प्रवाह जेमतेम वाढतो. सिलिकॉनच्या फझ फेसला १८ दिले तर दुसरा कलेक्टर मध्याच्या बराच वर, ११-१२ व्होल्टला जाऊन बसतो. फझचा गोल, जाड आवाज पातळ होतो. इथे कलेक्टरचा ८.२ किलो-ओहमचा रेझिस्टर वाढवावा लागतो. २० किलो-ओहमचा प्रीसेट घालून मीटरवर ९ व्होल्ट येईपर्यंत फिरवणं सोपं. म्हणजे एकात बेसचा रेझिस्टर कमी करायचा, दुसऱ्यात कलेक्टरचा वाढवायचा. नेटवरचा एखादा 'अठरा व्होल्ट मॉड' दुसऱ्या सर्किटला लावून का चालत नाही, याचं कारण या दोन उदाहरणांत आहे. एफईटी वापरणाऱ्या बूस्टरमध्येही कलेक्टरऐवजी ड्रेन म्हणायचं आणि तोच प्रीसेट फिरवायचा.

फझच्या बाबतीत एक विरुद्ध मतही आहे, आणि ते मला पटतं. जर्मेनियमचा फझ कमी व्होल्टेजवरच गोड वाजतो. अनेक वादक त्याला उतरत आलेला सेल लावतात. अशा पेडलला अठरा व्होल्ट देणं म्हणजे त्याचा जीवच काढून घेणं.

आयसींच्या मर्यादांकडे आता. ७४१, टीएल०७२, ४५५८, एलएम ३०८ यांची कमाल मर्यादा एकूण ३६ व्होल्ट आहे. एनई ५५३२ ची त्याहून जास्त. १८ व्होल्ट यांना काहीच नाहीत. पण याच आकाराच्या आठ पायांच्या आयसींत नाजूक मंडळीही आहेत. टीएलसी २२७२ सारखे आयसी १६ व्होल्टपलीकडे टिकत नाहीत. छोट्या अँपमधला एलएम ३८६ साध्या प्रकारात १५ व्होल्टला संपतो, म्हणजे इंजिन चालू असलेल्या टेम्पोवर तो काठावर उभा असतो. सीडी ४०४९ ला ड्राइव्हसाठी वापरणारी सर्किटं आहेत. त्या मालिकेतले आयसी १८ पर्यंतच चालवायचे असतात, त्यामुळे दोन ताजे सेल जोडून येणारे १९ व्होल्ट तिथे नकोत.

सर्वांत फसवा आयसी म्हणजे चार्ज पंप. क्लॉन सेंटॉर या १९९४ च्या सुमाराच्या पेडलची ख्याती त्याच्या मोकळ्या आवाजासाठी आहे. बिल फिनेगन यांच्या त्या पेडलला बाहेरून ९ च व्होल्ट लागतात. आत मॅक्स १०४४ हा छोटा आयसी ९ मधून अधिक १८ आणि उणे ९ तयार करतो; टीएल०७२ ला एकूण २७ व्होल्ट मिळतात. म्हणजे ज्याला वाढीव व्होल्टेज हवं आहे त्याच्या पेडलमध्ये ते आधीच असू शकतं. आणि मॅक्स १०४४ किंवा आयसीएल ७६६० ची स्वतःची मर्यादा १०.५ व्होल्ट आहे. अशा पेडलला १२ दिले तरी तो जळतो, १८ ला तर तत्काळ. क्लॉनच्या नकला बाजारात ढिगाने आहेत आणि त्यांच्या डब्यावर आत चार्ज पंप असल्याचं लिहिलेलं नसतं.

डिले आणि कोरस या बाबतीत मात्र माझा सरळ विरोध आहे. पीटी २३९९ हा तैवानी डिले आयसी ५ व्होल्टचा. ६ ला त्याची कमाल मर्यादा. त्याच्या आधी ७८एल०५ रेग्युलेटर बसवलेला असतो, म्हणून १८ दिले तरी आयसी वाचतो. पण ती जास्तीची ऊर्जा रेग्युलेटर उष्णतेत काढतो. २५ मिलिअँपियर धरले तर ९ व्होल्टवर रेग्युलेटरमध्ये ०.१ वॅट जळतो, १८ वर ०.३ वॅटहून जास्त. मे महिन्याच्या उन्हात टेम्पोवर बंद डब्यात हे बरं नव्हे. आणि बदल्यात काय, तर डिलेचा आवाज मुळात ५ व्होल्टच्या आयसीत कोंडलेला. बाहेर कितीही व्होल्ट द्या, आतली जागा तेवढीच. ॲनालॉग कोरस-डिलेमधल्या एमएन ३२०७ ची मर्यादा १० व्होल्ट, एमएन ३००७ ला मात्र १५ लागतात. एका आकड्याचा फरक, पण एक वाचतो आणि दुसरा मरतो. डिजिटल प्रोसेसर तर ९ व्होल्ट सांगत असेल तर ९ च. त्यातल्या रेग्युलेटरवर आणि कपॅसिटरवर विश्वास टाकून १२ लावणाऱ्याने नवा प्रोसेसर घ्यायची तयारी ठेवावी.

एमएक्सआरच्या फेज ९० ची गोष्ट वेगळीच. तिथे मध्यरेषा पुरवठ्याच्या अर्ध्यावर नसून ५.१ व्होल्टच्या झेनरने पक्की केलेली असते, कारण आतले एफईटी तिच्यावर जुळवलेले असतात. १८ दिले तर वरच्या बाजूला जागा वाढते, खालची तेवढीच राहते. फायदा जवळजवळ शून्य. झेनर बदलायला गेलात तर चारही एफईटींचं जुळवणं नव्याने करावं लागेल.

आयसी आणि ट्रान्झिस्टर पाहून झाले की कंडेन्सर. पुरवठ्यावरचा मोठा इलेक्ट्रोलायटिक बहुधा १६ व्होल्टचा असतो, स्वस्त पेडलात १० चाही सापडतो. १८ व्होल्टसाठी तो २५ चा किंवा ३५ चा हवा. मध्यरेषेवरचा १६ चा असला तरी चालतो, कारण तिथे ९ च येतात. काही पेडलांत पुरवठ्याला आडवा ९.१ किंवा १० व्होल्टचा झेनर असतो, तो संरक्षणासाठी. त्याला १८ दिले की तो आधी तापतो, मग जळून शॉर्ट होतो. एलईडीचा रेझिस्टर बदलला नाही तरी दिवा फक्त जास्त लखलखतो, ४.७ किलोचा दहा किलो केला की काम भागलं.

हे झालं डब्याच्या आतलं. पालघरच्या वापरात डब्याबाहेरचं जास्त घातक आहे असं मला वाटतं.

टेम्पोची १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत १२.६ देते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ती १३.८ ते १४.४ वर नेतो. बॅटरीची तार सैल होऊन मध्येच सुटली तर क्षणभर कित्येक पट व्होल्टेजचा तडाखा येतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल तार ही नवलाची गोष्ट नाही. मोठ्या ट्रकला २४ व्होल्टची यंत्रणा असते आणि ती चालू इंजिनवर २८ देते. लाउडस्पीकरच्या धंद्यात बॅटरी नवी नाही. अहुजासारख्या कंपन्यांच्या अनेक ॲम्प्लिफायरना मागे बॅटरीचे स्क्रू असतातच. पण ॲम्प्लिफायर त्यासाठीच बनलेला असतो, पेडल नाही.

मंडपातल्या विजेचंही असंच. 'एलिमिनेटर' म्हणून मिळणारा स्वस्त, रेग्युलेटर नसलेला ९ व्होल्टचा अडॅप्टर कमी प्रवाह ओढणाऱ्या पेडलवर १२ ते १३ व्होल्ट देतो. लाइनचं व्होल्टेज चढलं की तेही त्याच प्रमाणात चढतं. म्हणजे आपण पेडल ९ वर चालवतो असं समजणारे कित्येक जण खरं तर बारावर चालवत असतात. मीटर लावून पाहावं.

त्याहून मोठा धोका पिनचा. बॉस आणि रोलंडच्या पेडलला, ऑक्टोपॅडला आत वजा, बाहेर अधिक लागतं. यामाहाचे अनेक कीबोर्ड १२ व्होल्टचे आणि आत अधिक, बाहेर वजा. पिन दिसायला सारखीच. घाईत कीबोर्डचा अडॅप्टर पेडलला लागला तर व्होल्टेजही चढं आणि ध्रुवही उलटे. अनेक पेडलांत पुरवठ्याला आडवा डायोड असतो, तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवायचा प्रयत्न करतो. डायोड नसेल तर आयसी जातो. दोन्ही अडॅप्टरना वेगळ्या रंगाची टेप गुंडाळणं हा एक रुपयाचा उपाय आहे.

बोईसरला आणखी एक मोह आहे. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये २४ व्होल्ट डीसी हा नेहमीचा पुरवठा. त्या कामावरच्या माणसांना २४ व्होल्टचे पॉवर सप्लाय सहज हाताशी असतात, आणि मीटर-सोल्डरिंगचं कसबही. १८ च्या ऐवजी २४ वापरू, असं वाटणं साहजिक आहे. ऑप-अँप ते पेलतीलही. पण २५ व्होल्टच्या कंडेन्सरला तिथे काहीच मोकळीक उरत नाही, आणि १८ वरून २४ वर गेल्याने मिळणारे अडीच-तीन डेसिबल मिक्सरमध्ये टिकणार नाहीत. त्या पॉवर सप्लायपुढे एलएम ३१७ लावून १८ घेणं शहाणपणाचं. वर २४० ओहम, खाली ३.३ किलो-ओहम, की १८.४ व्होल्ट मिळतात. खाली दीड किलो ठेवलं की ९.

वरातीसाठी मला सर्वांत योग्य वाटणारी मांडणी वेगळी आहे. पेडलांना गाडीच्या बॅटरीपासूनच तोडा. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची बॅटरी वेगळी ठेवा. सगळी पेडलं मिळून १०० मिलिअँपियर खात असतील तर ती एका वरातीला सहज पुरते. गाडीचा अल्टरनेटर गुणगुणतो तो आवाजही त्यामुळे नाहीसा होतो, कारण पेडल आणि ॲम्प्लिफायर एकाच बॅटरीच्या जमिनीला जोडलेले राहत नाहीत. त्या बॅटरीवरून ९ व्होल्टसाठी ७८०९, आणि ज्या एक-दोन पेडलांना खरंच हवेत त्यांच्यासाठी स्टेप-अप मोड्यूलवरून १८. मोड्यूल शेकडो किलोहर्ट्झवर चालतं, त्यामुळे त्याची शिट्टी कानाच्या पल्ल्याबाहेर राहते. चार्ज पंपचा ७६६० मात्र मुळात १० किलोहर्ट्झवर चालतो आणि ती शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. मॅक्स १०४४ मध्ये एक नंबरची पिन अधिकला जोडून ती वर ढकलता येते. गाडीचीच बॅटरी वापरणं भाग असेल तर फ्यूज, १८ व्होल्टचा टीव्हीएस डायोड आणि गाड्यांसाठी बनवलेला एलएम २९४० चा ९ व्होल्टवाला प्रकार, एवढं किमान हवं.

समुद्रकाठी एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. खाऱ्या हवेत जॅक आणि पॉट लवकर हिरवे पडतात. वाढीव व्होल्टेजसाठी डबा उघडलाच तर जॅक साफ करा, जुने इलेक्ट्रोलायटिक सरसकट बदला. सुटे भाग ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. २०१३ पासून डहाणूहून थेट लोकल सुटतात, तेव्हापासून बोईसर-पालघरकरांना ते एका दिवसाचं काम झालं आहे. आयसी घेताना पूर्ण क्रमांक वाचून घ्या. नावातला शेवटचा आकडा-अक्षरही मर्यादा बदलतं.

थोडक्यात निकाल सांगायचा तर असा: ऑप-अँपचे बूस्टर, प्रीअँप, इक्वलायझर यांना कंडेन्सर तपासून १८ व्होल्ट जरूर द्या, बेंजोला त्याचा खरा लाभ आहे. ट्रान्झिस्टर आणि एफईटीवाल्यांना बायस जुळवल्याशिवाय देऊ नका. डायोडवाल्या ड्राइव्हला दिले तरी फरक नाही. डिले, कोरस, फेजर, चार्ज पंपवाली पेडलं आणि डिजिटल प्रोसेसर यांना ९ च ठेवा.

ज्यांनी आपली पेडलं बदलून घेतली आहेत त्यांना एक विनंती. डब्याच्या तळाला पक्क्या शाईने कमाल व्होल्टेज, पिनचे ध्रुव आणि काय बदललं ते लिहून चिकटवा. बेंजो पार्टीत सामान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं. दुरुस्ती शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलांनी आणि दुकानदारांनीही हे सवयीने करावं. पुढच्या वरातीत अंधारात अडॅप्टर शोधणाऱ्याला ती चिठ्ठी लागणार आहे.